कॅरोटिड धमनी अरुंद झाल्याचे कळल्यावर: टक्केवारीच्या आधी काय पाहायचे, कोणाला दाखवायचे

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्यांच्या डॉपलरचा (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट हातात पडतो, त्यात ‘70 टक्के स्टेनोसिस’ (म्हणजे अरुंदी) असे लिहिलेले असते, आणि घरातले सगळे त्या आकड्याला धरून बसतात. सत्तर म्हणजे किती वाईट? ऑपरेशन लागणार का? लगेच लागणार का? तज्ज्ञ डॉक्टर मात्र पहिला प्रश्न वेगळाच विचारतात: काही त्रास झाला होता का, कोणत्या बाजूला, आणि नेमका कधी? सारख्याच अरुंद झालेल्या दोन धमन्यांपैकी एकीवर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागू शकते आणि दुसरी वर्षानुवर्षे गोळ्यांवर राहू शकते. हा फरक त्या तीन उत्तरांमुळे पडतो. म्हणून या लेखातही लक्षणे आधी घेतली आहेत आणि आकडे नंतर.

1. लक्षणे आत्ता चालू असतील तर वाचत बसू नका

चेहऱ्याची एक बाजू लोंबणे, एका हातापायातली ताकद जाणे किंवा बधिरपणा येणे, बोलणे अडखळणे किंवा समोरच्याचे बोलणे न समजणे, एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे: यांपैकी काहीही झाले तर रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या, शक्यतो स्ट्रोकवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण 4.5 तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या धमनीतली गुठळी कॅथेटरने (धमनीतून सरकवलेल्या बारीक नळीने) काढता येते. त्यासाठी 6 तास, निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत वेळ असतो.

हे तास मोजले जातात ते रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता तिथपासून. ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या.

घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. झटका (स्ट्रोक) गुठळीमुळे आला आहे की रक्तस्रावामुळे, हे स्कॅनशिवाय कळत नाही. गिळता येते की नाही याची खात्री होईपर्यंत पाणीसुद्धा नको.

दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तरीही जायचेच. अशा तात्पुरत्या झटक्याला टीआयए म्हणतात. ‘बरे वाटले, आता सोमवारी दाखवू’ हा या आजारातला सर्वांत महागात पडणारा निर्णय आहे. टीआयएनंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वाधिक असतो आणि पुढचे दोन आठवडे चढाच राहतो.

2. धमनीत नेमके काय होते

मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक मुख्य कॅरोटिड धमनी असते. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर तिचे दोन फाटे होतात. आतला फाटा मेंदूला आणि डोळ्याला रक्त देतो, बाहेरचा चेहऱ्याला आणि डोक्याच्या त्वचेला. या फाट्याच्या जागी रक्ताचा प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो आणि तिथेच भिंतीत चरबी, पेशी आणि कॅल्शियमचा थर साचतो. हाच प्लाक. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल आणि वय ही त्याची नेहमीची कारणे.

‘नळी चोंदली म्हणून मेंदूला रक्त कमी पडले’ असे बहुतेकांना वाटते. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. पण बहुतेक झटके वेगळ्या तऱ्हेने येतात: प्लाकचा पृष्ठभाग फाटतो, त्यावर गुठळी धरते, तिचा तुकडा सुटतो आणि मेंदूतल्या लहान धमनीत जाऊन अडकतो. म्हणूनच 60 टक्क्यांचा ठिसूळ प्लाक 80 टक्क्यांच्या टणक प्लाकपेक्षा घातक ठरू शकतो. धमनी 100 टक्के बंद झाली असेल तर डॉक्टर ती सहसा उघडत नाहीत, कारण तिथून तुकडे वर जाण्याचा धोका कमी झालेला असतो आणि उघडण्यातच जोखीम जास्त असते. हे ऐकून ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असे समजू नका.

तरुण वयात, मान हिसकल्यानंतर किंवा विनाकारण, मानेच्या एका बाजूला तीव्र वेदना होऊन पापणी खाली आली किंवा झटका आला, तर तो प्लाकचा आजार नसून धमनीच्या भिंतीला आतून चीर गेलेली असू शकते. त्याचा उपचार वेगळा असतो आणि तोही तातडीचा.

3. लक्षणांचा कागद तयार करा

डॉक्टरांकडे जाण्याआधी अर्धा तास बसून हा कागद लिहा. घटना प्रत्यक्ष पाहणाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवा, कारण रुग्णाला स्वतःचे बोलणे बिघडलेले अनेकदा कळतच नाही.

- तारीख आणि वेळ. त्रास किती मिनिटे टिकला?
- हात, पाय, चेहरा: कोणती बाजू? ताकद गेली की नुसत्या मुंग्या आल्या?
- शब्द आठवेनात, की शब्द ठीक पण उच्चार जड?
- डोळ्याचा त्रास एकाच डोळ्याला होता की दोन्ही डोळ्यांच्या एका बाजूचे दिसेनासे झाले? एकेक डोळा झाकून पाहिला होता का?
- असे आधी कधी झाले होते का?

बाजूचा हिशेब समजून घ्या. उजव्या कॅरोटिडमधून सुटलेला तुकडा मेंदूच्या उजव्या भागात जातो आणि त्रास शरीराच्या डाव्या बाजूला होतो. डोळ्याचे उलट: उजव्या कॅरोटिडमुळे उजव्याच डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखा अंधार येतो. बोलण्याची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतात, त्यामुळे शब्द हरवणे हे बहुधा डाव्या कॅरोटिडकडे बोट दाखवते. अरुंदी उजवीकडे आणि अशक्तपणाही उजव्या हातात, असे असेल तर ती धमनी गुन्हेगार नाही. कारण दुसरीकडे शोधावे लागते.

नुसती चक्कर, डोके हलके वाटणे, मानदुखी, विसराळूपणा किंवा बेशुद्ध पडणे ही एका बाजूच्या कॅरोटिड अरुंदीची लक्षणे सहसा नसतात. चक्कर आली म्हणून डॉपलर केला, त्यात 50 टक्के अरुंदी सापडली आणि दोन्हींचा संबंध जोडून टाकला, असे फार वेळा घडते. अशा अरुंदीला ‘लक्षणविरहित’ धरूनच पुढचा विचार व्हायला हवा. वैद्यकीय भाषेत ‘लक्षणयुक्त’ म्हणजे त्याच धमनीच्या क्षेत्रात गेल्या सहा महिन्यांत घडलेला टीआयए, झटका किंवा डोळ्याचा त्रास.

4. कोणाला दाखवायचे

लक्षणे नुकतीच झाली असतील तर आधी न्यूरोलॉजिस्ट, आणि तोही बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतून नव्हे तर तातडीच्या विभागातून. झटका कॅरोटिडमुळेच आला का, हे तेच ठरवतात. शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन) करतात, काही ठिकाणी न्यूरोसर्जन. स्टेंट (धमनी आतून उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, कार्डिओलॉजिस्ट, न्यूरोलॉजिस्ट किंवा व्हॅस्क्युलर सर्जन असू शकतात.

यातली मेख उघड आहे: ज्याच्या हाती जे हत्यार, त्याचा कल तिकडे. फक्त स्टेंट करणाऱ्याकडून शस्त्रक्रियेबद्दल किंवा फक्त शस्त्रक्रिया करणाऱ्याकडून स्टेंटबद्दल तटस्थ मत मिळेलच असे नाही. जिथे दोन्ही होते आणि न्यूरोलॉजिस्ट चर्चेत असतो, असे केंद्र निवडता आले तर उत्तम. लक्षणे नसतील तर दुसरे मत घ्यायला भरपूर वेळ असतो. ‘आजच दाखल व्हा’ असा आग्रह लक्षणविरहित रुग्णाला होत असेल तर कारण विचारा. लक्षणे ताजी असतील तर दुसऱ्या मतापायी आठवडे घालवू नका. ते दोन दिवसांत उरकायचे.

5. सोबत न्यायची कागदपत्रे

- डॉपलर, सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीचे (धमन्यांच्या स्कॅनचे) रिपोर्ट आणि मूळ प्रतिमा, सीडीवर किंवा लिंकवर. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही; सर्जनला प्लाक किती वर गेला आहे ते स्वतः पाहायचे असते.
- मेंदूचा सीटी किंवा एमआरआय.
- ईसीजी, इकोकार्डिओग्राम, होल्टर (दिवसभर लावून ठेवलेला ईसीजी) केले असल्यास तेही. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गुठळी हृदयातून आलेली असू शकते आणि मग औषधच बदलते.
- क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), साखर आणि एचबीए1सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), लिपिड प्रोफाइल, हिमोग्लोबिन, प्लेटलेट.
- आठवडाभराची रक्तदाबाची नोंद. एकदा तरी दोन्ही हातांत मोजा. फरक मोठा असेल तर हाताकडे जाणारी धमनीही अरुंद असू शकते.
- सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, नुसती यादी नव्हे.
- पूर्वी मानेवर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झाले असेल तर त्याचे कागद. यावरून स्टेंट की शस्त्रक्रिया हा निर्णय फिरू शकतो.

6. रिपोर्ट कसा वाचायचा

पहिली तपासणी डॉपलरच. सुई नाही, रेडिएशन नाही. पण यात अरुंदी थेट मोजली जात नाही, रक्ताच्या वेगावरून तिचा अंदाज बांधतात. जागा अरुंद तितका तिथला प्रवाह वेगवान. रिपोर्टमध्ये ‘पीएसव्ही’ (ठोक्याच्या वेळचा सर्वाधिक वेग) असा आकडा शोधा. प्रचलित निकष असे: आतल्या कॅरोटिडमध्ये वेग सेकंदाला 125 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर अरुंदी 50 टक्क्यांपेक्षा कमी; 125 ते 230 असेल तर 50 ते 69 टक्के; 230 च्या वर असेल तर 70 टक्के किंवा अधिक. आतल्या आणि मुख्य धमनीतल्या वेगाचे गुणोत्तर 4 च्या वर असेल तर 70 टक्क्यांच्या निदानाला बळ मिळते.

हा हिशेब काही ठिकाणी फसतो. विरुद्ध बाजूची धमनी पूर्ण बंद असेल तर या बाजूचा प्रवाह वाढतो आणि अरुंदी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. धमनी जवळजवळ बंद झाली असेल तर वेग उलट कमी होतो आणि रिपोर्ट फसवा, सौम्य येऊ शकतो. जाड कॅल्शियमची सावली पडली तर मागचे दिसतच नाही. शिवाय तपासणी करणाऱ्याच्या हाताचाही फरक पडतो. ‘पूर्ण बंद’ आणि ‘जवळजवळ बंद’ यांतला फरक फक्त डॉपलरवर सोडू नका.

दुसरा घोळ टक्केवारी काढण्याच्या पद्धतीचा. एका पद्धतीत अरुंद जागेची तुलना त्याच्या वरच्या निरोगी धमनीशी करतात. दुसरीत धमनीच्या फाट्याजवळ मुळातच जो फुगवटा असतो त्याच्या मूळ रुंदीशी, जी अंदाजाने धरावी लागते. पहिल्या पद्धतीतले 50 टक्के हे दुसरीत साधारण 75 होतात आणि 70 चे साधारण 85. पहिलीला नॅसेट म्हणतात, दुसरीला ईसीएसटी. हल्लीचे उपचाराचे निकष बहुतांशी नॅसेटवर बेतलेले आहेत. दोन केंद्रांचे रिपोर्ट वेगळे आले तर ‘आजार वाढला’ असे ठरवण्याआधी मोजणी कोणत्या पद्धतीने केली ते विचारा.

उपचार ठरवण्याआधी सहसा सीटी अँजिओग्राफी किंवा एमआर अँजिओग्राफीने खात्री करतात. सीटीमध्ये आयोडीनयुक्त औषध शिरेतून देतात, म्हणून क्रिएटिनिन, आयोडीनची अ‍ॅलर्जी आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू आहे का, हे आधी सांगा. एमआरला पेसमेकर आणि शरीरातले धातूचे भाग आड येऊ शकतात. एमआरमध्ये अरुंदी थोडी फुगवून दिसण्याची प्रवृत्ती असते. कॅथेटरची अँजिओग्राफी आता निव्वळ निदानासाठी क्वचितच लागते. त्यातून झटका येण्याचा लहानसा धोका असतो.

आणि हो, कसलाही त्रास नसलेल्या सर्वसामान्य माणसाने ‘पॅकेजमध्ये आहे म्हणून’ मानेचा डॉपलर करू नये. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2021 मध्ये अशा सरसकट तपासणीविरुद्धच शिफारस केली आहे. खोट्या धोक्याच्या घंटा आणि त्यामागून येणाऱ्या अनावश्यक शस्त्रक्रिया हे त्याचे कारण.

7. औषधे: सगळ्यांना, ऑपरेशन होवो न होवो

हा भाग लोक गंभीरपणे घेत नाहीत, कारण गोळीने नळी ‘साफ’ होत नाही. ती होतही नाही. पण स्टॅटिनमुळे (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीमुळे) प्लाक घट्ट आणि स्थिर होतो, फाटण्याची शक्यता घटते. साधारणपणे अ‍ॅटोर्वास्टॅटिन 40 ते 80 किंवा रोसुवास्टॅटिन 20 ते 40 मिलिग्रॅम देतात, आणि झटका किंवा टीआयए होऊन गेलेल्यांत एलडीएल 70 च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आले’ म्हणून गोळी बंद करणे हा नेहमीचा सापळा. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेले असते.

गुठळी रोखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल. टीआयए किंवा सौम्य झटक्यानंतर काही काळ, बहुधा 21 दिवस, दोन्ही एकत्र देतात आणि मग एक बंद करतात. ती बंद करण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर दोन्ही गोळ्या वर्षभर चालू राहतात आणि रक्तस्रावाचा धोका विनाकारण वाढतो. क्लोपिडोग्रेलसोबत अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल चालू असेल तर सांगा; त्यांनी क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. दात काढायचा आहे म्हणून स्वतःहून गोळी थांबवू नका, आधी विचारा.

रक्तदाब बहुतेकांत 130/80 च्या खाली ठेवायचा असतो. दोन्ही बाजूंना तीव्र अरुंदी असेल तर मात्र तो झपाट्याने उतरवत नाहीत. धूम्रपान पूर्ण बंद. ‘कमी केले’ हे उत्तर इथे चालत नाही. मानेला जोरात मालिश करून घेणे आणि मान कडाकड मोडून घेणेही टाळा.

8. शस्त्रक्रिया की स्टेंट की यांपैकी काहीच नको

लक्षणे झाली आहेत आणि अरुंदी 70 ते 99 टक्के आहे, तिथे शस्त्रक्रियेचा फायदा ठळक आहे. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॅसेट या रुग्णांवरील चाचणीत (मोजणीच्या पद्धतीचे नाव तिच्यावरूनच) दोन वर्षांत त्या बाजूचा झटका फक्त औषधांवर 26 टक्क्यांना आला, शस्त्रक्रियेनंतर 9 टक्क्यांना. अरुंदी 50 ते 69 टक्के असेल तर फायदा आहे पण माफक: पाच वर्षांत 22 विरुद्ध सुमारे 16 टक्के. 50 च्या खाली शस्त्रक्रियेने भले होत नाही. हा फायदा मिळवायचा तर शेवटच्या लक्षणानंतर शक्यतो दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. मोठ्या झटक्यानंतर मेंदूचा बराच भाग दुखावलेला असेल तर डॉक्टर थांबतात, तो अपवाद.

लक्षणे नसतील तर चित्र धूसर होते. 1995 च्या एका मोठ्या चाचणीत 60 टक्क्यांहून अधिक अरुंदीत पाच वर्षांचा धोका 11 वरून 5 टक्क्यांवर आला होता. पण त्या काळात आजच्या इतक्या जोरकस स्टॅटिनचा वापर नव्हता. आज नुसत्या औषधांवरही धोका त्याहून कमी दिसतो. म्हणून 70 च्या वर अरुंदी, पुढे किमान पाच वर्षांचे बरे आयुर्मान, आणि प्लाक धोकादायक असल्याच्या खुणा (अरुंदी झपाट्याने वाढणे, स्कॅनमध्ये मेंदूत न जाणवता येऊन गेलेल्या झटक्यांचे जुने डाग दिसणे, प्लाकमध्ये रक्तस्राव) असे सगळे जुळले तरच प्रक्रियेचा (शस्त्रक्रिया किंवा स्टेंट) विचार रास्त ठरतो.

शस्त्रक्रियेत, म्हणजे कॅरोटिड एन्डार्टरेक्टॉमीत, मानेवर छेद घेऊन धमनी उघडतात, प्लाक सोलून काढतात आणि बहुधा ठिगळ लावून ती शिवतात. पूर्ण भूल देऊन किंवा फक्त मान बधिर करून, दोन्ही प्रकारे होते. स्टेंट मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नेतात आणि सुटलेले तुकडे अडवायला वर छोटी गाळणी धरतात. आणखी एका पद्धतीत मानेच्या तळाशी छोटा छेद घेऊन, रक्ताचा प्रवाह तात्पुरता उलटा वळवून स्टेंट बसवतात. 2010 च्या क्रेस्ट चाचणीत प्रक्रियेच्या काळात झटके स्टेंटमध्ये जास्त आले (4.1 विरुद्ध 2.3 टक्के) आणि हृदयविकाराचे झटके शस्त्रक्रियेत जास्त (2.3 विरुद्ध 1.1). साधारण सत्तरीच्या पुढे शस्त्रक्रिया उजवी ठरते, कारण वाकड्यातिकड्या, कॅल्शियम धरलेल्या महाधमनीतून तारा नेतानाच तुकडे सुटतात. आधी रेडिएशन घेतलेली मान, पूर्वी ऑपरेशन झालेली बाजू, जबड्यामागे फार वर गेलेला प्लाक किंवा अशक्त हृदय असेल तर स्टेंटकडे कल जातो.

सर्जनला हे थेट विचारा, त्यात उद्धटपणा नाही: तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, आणि तुमच्या हातून 30 दिवसांत झटका किंवा मृत्यू होण्याचे प्रमाण किती? लक्षणयुक्त रुग्णांत ते 6 टक्क्यांच्या आणि लक्षणविरहित रुग्णांत 3 टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वमान्य निकष आहे. त्याहून जास्त असेल तर लक्षणविरहित रुग्णाला शस्त्रक्रियेचा फायदा उरत नाही. ‘आमच्याकडे काही होत नाही’ हे उत्तर नव्हे.

9. प्रक्रियेच्या आधी आणि नंतर

शस्त्रक्रियेआधी अ‍ॅस्पिरिन सहसा थांबवत नाहीत. वॉर्डात कोणी सवयीने थांबवायला सांगितले तर सर्जनला विचारून मगच ऐका. स्टेंटसाठी गुठळी रोखणाऱ्या दोन्ही गोळ्या आधीपासून सुरू करतात आणि नंतर किमान चार आठवडे चालू ठेवतात. ती मुदत चुकली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. स्टेंट फुगवताना तिथल्या दाब मोजणाऱ्या मज्जातंतूंवर ताण येऊन नाडी आणि रक्तदाब घसरतात, कधी दिवसभरही तसेच राहतात. ते अपेक्षित असते.

शस्त्रक्रियेनंतर कानाच्या पाळीभोवती आणि जबड्याखाली बधिरपणा नेहमीचा. आवाज घोगरा होणे, जीभ एका बाजूला वळणे, ओठाचा कोपरा किंचित खाली जाणे हे नसा (मज्जातंतू) ओढल्या गेल्यामुळे होऊ शकते आणि बहुतेकदा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारते. पण ओठाचा कोपरा घरी आल्यावर नव्याने खाली गेला तर तो नसेचा त्रास समजून थांबू नका, झटका समजूनच धाव घ्या.

तातडीने परत जाण्याची कारणे:

- मान सुजून ताणली जाणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला अडथळा. आत रक्त साचून श्वासनलिका दाबली जाते आणि हे मिनिटांत बिघडते.
- ऑपरेशन झालेल्या बाजूला ठणकणारी डोकेदुखी, सोबत रक्तदाब चढलेला, गोंधळलेपणा किंवा आकडी. अरुंद धमनीच्या कमी प्रवाहाला सरावलेल्या मेंदूत एकदम जास्त रक्त गेल्याने हे होते. बहुधा पहिल्या आठवड्यात, पण महिनाभर शक्यता राहते. म्हणून तेवढे दिवस रक्तदाब घरी रोज दोनदा मोजून लिहा आणि किती आकड्यावर फोन करायचा ते घरी सोडतानाच विचारून घ्या.
- ताप, जखमेतून पू, छेदाखाली नाडीसारखी उडणारी गाठ.
- झटक्याचे कोणतेही लक्षण.

10. पुढची तपासणी

पहिला डॉपलर साधारण महिन्याभरात, मग सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. दोन्ही बाजूंचा, कारण दुसरी धमनीही त्याच शरीरातली आहे. फक्त औषधांवर असाल तरी मध्यम किंवा तीव्र अरुंदीत सहा ते बारा महिन्यांनी डॉपलर होतो. शक्यतो त्याच केंद्रात करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. स्टेंट बसवलेल्या धमनीत वेग मुळातच जास्त दिसतो. तिला वरचे 125 आणि 230 चे निकष लागू पडत नाहीत. म्हणून तपासणी करणाऱ्याला स्टेंट कधी बसवला ते आधी सांगा, आणि बसवल्यानंतरचा पहिला डॉपलर जपून ठेवा. पुढच्या सगळ्या रिपोर्टांची तुलना त्याच्याशीच होणार असते.